मी बसले नाही

तुमच्या घरात नवी खुर्ची आली आणि तुम्ही तिच्यावर ऐटीत टेकलात, तेव्हा तुमच्या आधी तिच्यावर कोण बसून गेलं होतं, याचा तुम्ही कधी विचार केलाय का?

नसेल केला. माणसं खुर्चीचा विचार तिचा पाय मोडल्यावर करतात. मीच सांगते. आमच्या दुकानातून आलेली खुर्ची असेल, तर तुमच्या आधी तिच्यावर मी बसले होते.

मी एक मांजर बोलतेय. राखाडी अंग, पांढरे पंजे, डाव्या कानाला एक खाच. स्वभाव विचाराल तर सरळ सांगते, वाईट. मी उपकार विसरत नाही आणि अपकार तर मुळीच विसरत नाही. लोक म्हणतात, मांजर डोळे मिटून दूध पिते. पिते खरी, पण त्या मिटल्या डोळ्यांआडून कोण काय करतंय ते सगळं तिला दिसत असतं.

माझा जन्म एका सोफ्याच्या पोटात झाला. कुणीतरी तो जुना सोफा दुरुस्तीला आणून टाकला होता. आमच्या दादांनी त्याच्या खालचं कापड उसवलं, तर आत काथ्यामध्ये मी. आईनं बाकीची पिल्लं तोंडात धरून नेली होती, माझ्यासाठी काही ती परत आली नाही. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. दादांनी मला तळहातावर घेतलं आणि आत हाक मारली, "अगं, बघ, या सोफ्यात काय भरलंय ते!"

वहिनी कात्री हातात घेऊनच बाहेर आल्या. "अगंबाई! आणि मी म्हणतेय, हा सोफा कुरकुरतो कसा!"

दादा म्हणजे गाद्या बांधणारे कारागीर. सोफे, खुर्च्या, बाक, काहीही आणा, दादा त्याची जुनी कातडी सोलून नवी चढवतात. वहिनी मशीनवर खोळी शिवतात. पुढं दुकान, मागं अंगण, वर राहायच्या दोन खोल्या. दादांचा धाकटा भाऊ त्यांना दादा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला वहिनी, म्हणून मीही तेच म्हणते. त्या धाकट्याबद्दल पुढं सांगायचंच आहे. त्याच्यासाठीच तर तोंड उघडलंय.

तर माझा धंदा. मी लहान असताना दादांनी एक खुर्ची पूर्ण केली. मी उडी मारून तिच्यावर गेले आणि लगेच उतरले. दादांना वाटलं, घाबरली. त्यांनी मला उचलून परत ठेवलं. मी परत उतरले. वहिनी हातातलं काम टाकून आल्या, त्यांनी गादीवर तळवा दाबत दाबत नेला आणि एके ठिकाणी थांबल्या. "अहो, इथं काहीतरी टोचतंय." कापड उसवलं, तर कापसात एक बारीक खिळा उभा! वरून दिसत नव्हता, पण कुणी वजनदार माणूस टेकला असता तर त्याला ब्रह्मांड आठवलं असतं.

त्या दिवसापासून आमच्या घरचा नियम झाला. मांजर बसल्याशिवाय माल बाहेर जाणार नाही. तयार झालेली प्रत्येक खुर्ची अंगणात मांडायची, मला सोडायचं आणि गप्प उभं राहायचं. मी बसले, अंगाचं मुटकुळं केलं की वहिनी म्हणायच्या, "पास!" गिऱ्हाइकं हसायची. म्हणायची, "उंदराला मांजर साक्ष ऐकलं होतं, खुर्चीला मांजर साक्ष आजच बघितली." हसू देत. माझी साक्ष कधी खोटी ठरली नाही.

या सुखात माती कालवायला एक दिवस ढेकळ्या आला.

तो एका खुर्चीमागून आला. खरंच सांगते. कुणी एक म्हातारे गृहस्थ वारले होते. त्यांच्या मुलांनी त्यांची आरामखुर्ची दादांना देऊन टाकली. दादांनी ती हातगाडीवर घातली, तर घरातला कुत्रा त्या गाडीमागून चालत निघाला. मुलांनी हाका मारल्या, त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. दुकानापर्यंत आला, खुर्ची कोपऱ्यात ठेवली तसा तिच्या पायाशी आडवा झाला. रंग मातीचा, अंग जाडजूड, पडला की पडलाच. वहिनी म्हणाल्या, "हे काय शेतातलं ढेकूळ आणून टाकलंत?" तेच नाव पडलं.

दादांना ती खुर्ची कधी विकता आली नाही. नवं कापड चढवायला घेतलं की ढेकळ्या नुसता बघत राहायचा, आणि दादा दाभण खाली ठेवायचे.

मला मात्र त्याची कीव वगैरे आली नाही. मला राग आला. माझं घर, माझं अंगण, माझं दूध, आणि हा कोण ओल्या नाकाचा? मी सूड घ्यायचं ठरवलं. त्याच्या पाण्यात पाय धुतले. झोपेत त्याच्या शेपटीवरून धावले. एकदा नाकावर असा पंजा ओढला की तो ओरखडा अजून दिसतो. शेवटी त्याच्या म्हाताऱ्याच्या खुर्चीवरच जाऊन बसले, अगदी त्याच्या नाकावर टिच्चून. म्हटलं, आता तरी भुंकेल.

तो उठला. त्यानं हनुवटी खुर्चीच्या कडेवर, माझ्या पंजाजवळ ठेवली, आणि एक मोठा सुस्कारा सोडला. त्या खुर्चीवर परत कुणीतरी बसलं, याचंच त्याला बरं वाटलं होतं.

आता अशा प्राण्याचा सूड घ्यायचा तरी कसा? सूड घ्यायला समोरच्यानं थोडं तरी भांडायला नको?

मग एकदा मी मशीनखालचा दोरा गिळला. खेळता खेळता गेला पोटात. तळमळ सुरू झाली. आम्हा मांजरांची रीत अशी की दुखलं की लपायचं. मी ताडपत्रीच्या ढिगामागं जाऊन पडले. वहिनी हाका मारून दमल्या. ढेकळ्या सहसा भुंकत नसे, पण त्या दिवशी तो ताडपत्रीसमोर उभा राहून असा भुंकला की शेजारी बाहेर आले. वहिनींनी ढीग उपसला आणि मला पदरात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे पळाल्या. दोरा निघाला. मी वाचले.

आधी मला त्याचा रागच आला. चोंबडा मेला! माझी लपायची जागा जगाला सांगितली. पण परत आले तेव्हा अंगात त्राण नव्हतं, फरशी गार होती, आणि त्याचं पोट ऊबदार होतं. मी त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये शिरले. त्यानं श्वाससुद्धा हळू घेतला. तेव्हापासून आम्ही तसेच झोपत आलो. दादा म्हणायचे, "कुत्र्यामांजराचं वैर म्हणतात, ते या दोघांना कुणी सांगितलेलं दिसत नाही."

वहिनी म्हणायच्या, "सांगितलं असेल हो. माणसांचं ऐकायला ती काय माणसं आहेत?"

ढेकळ्यालाही दादांनी काम शिकवलं. गादीच्या तळाला जाड पट्टे ताणून बसवावे लागतात. एकट्या माणसाला ते जड जातं, दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं. दादा पट्ट्याचं टोक त्याच्या तोंडात द्यायचे आणि म्हणायचे, "धर." तो दात न रोवता, ओठांनी धरावं तसं अलगद धरायचा. दादा खिळे ठोकायचे, मध्येच चहा प्यायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे. ढेकळ्या हलायचा नाही. दादा "सोड" म्हणाले की मगच सोडायचा. ते दोन शब्द म्हणजे त्याची सगळी शाळा. पण तेवढ्यात तो पहिल्या नंबरानं पास होता.

असं आमचं चाललं होतं. मग धाकटा आला.

दादांनी त्याला मुलासारखं वाढवलेलं. इथं तिथं नोकऱ्या करून, कुठंच न टिकता, तो शेवटी घरी परतला. दादांना कोण आनंद! "आता दोघं भाऊ मिळून दुकान वाढवू." धाकट्याच्या अंगात मात्र भारी घाई. त्याला सगळं झटपट हवं. दादा जिथं कापूस तीनदा पिंजायचे, तिथं तो एकदा थोपटून मोकळा व्हायचा. मला तो 'बुडानं नापास करणारी बाई' म्हणायचा. आणि दादांची पाठ वळली की ढेकळ्याला पायानं बाजूला सारायचा. लाथ म्हणावी इतकं जोरात नाही, पण पायानंच. मी वरच्या फळीवरून बघत होते. प्रत्येक वेळ माझ्या लक्षात आहे.

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दवाखान्यासाठी बाक आणि खुर्च्या बांधायला दिल्या होत्या. पेशंट तासन्‌तास बसतात, त्यांना टोचू नये, दुखू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. कापड मोरपंखी रंगाचं, लांबून मागवलेलं, अगदी बेतात. जास्तीचा वीतभर तुकडा नाही. दादा आणि वहिनी दवाखान्यात मापं परत पडताळायला गेले. जाताना दादा धाकट्याला म्हणाले, "बाकाला हात लावू नकोस. तो आपण दोघं मिळून करू."

दादांचं पाऊल बाहेर पडलं आणि यानं बाक पुढं ओढला. दादा येईपर्यंत करून दाखवतो म्हणाला. कुणाला म्हणाला? ढेकळ्याला आणि मला. दुसरं होतं कोण तिथं?

लाकडी चौकटीवर त्यानं एक खिळा वाकडा ठोकला. टोक वर राहिलं. त्यावरूनच कापड टाकलं आणि दोन्ही हातांनी खेचलं. टर्रकन आवाज झाला. मोरपंखी कापड या टोकापासून थेट मध्यापर्यंत फाटलं.

तो घामानं भिजला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ढेकळ्या आवाजानं जागा होऊन काय झालं ते बघायला जवळ आला होता, शेपूट हलवत. धाकट्यानं त्याच्याकडं बघितलं. मग फाटकी कड उचलून त्याच्या तोंडात दिली आणि म्हणाला, "धर."

ढेकळ्यानं धरलं.

हा मागच्या दारानं निघून गेला, आणि दादा-वहिनी परत आल्यावर पुढच्या दारानं आला.

दारात उभ्या वहिनींच्या हातातली पिशवी खाली पडली. ढेकळ्या दुकानाच्या मधोमध बसला होता. तोंडात फाटलेलं कापड, लाळेनं भिजलेलं. वहिनी ओरडल्या, "अरे, काय केलंस हे मेल्या! टाक ते! टाक!" त्यानं टाकलं नाही. दादांनी कापड ओढलं, तो आणखी घट्ट धरून राहिला, कारण पट्टा ओढला की तसंच धरायचं असतं. त्याचे पाय थरथरत होते. आयुष्यात पहिल्यांदा दादांनी त्याच्यावर हात उगारला. तो डोळे मिटून बसला, पण तोंड उघडलं नाही. शेवटी दादाच थकून खाली बसले आणि म्हणाले, "सोड रे आता."

लगेच त्यानं सोडलं.

माणसांनो, तेव्हाच तुमच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता! मी फळीवरून घसा फाटेस्तोवर ओरडले. वहिनी म्हणाल्या, "बघा, हीसुद्धा घाबरली बिचारी."

धाकटा चेहरा लांब करून उभा होता. "दादा, मी जरा चहा प्यायला गेलो तर यानं एवढं केलं. खरं सांगू? एवढ्या भारी कापडाच्या घरात कुत्रा ठेवतं का कुणी? माझ्या ओळखीचं एक गोदाम आहे. तिथं राखणीला हवाच आहे त्यांना. खायला देतात."

"म्हातारा झालाय तो," वहिनी हळूच म्हणाल्या.

"म्हणूनच तर, वहिनी. डोकं फिरतं या वयात. उद्या गिऱ्हाइकाला चावला तर?"

दादांनी कुणाकडेच बघितलं नाही. "ने," एवढंच म्हणाले.

धाकट्यानं त्याच्या गळ्यात दोर बांधला. मालाच्या टेम्पोत चढताना ढेकळ्यानं त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडं बघितलं. आणि खुर्चीवर मी होते.

त्या क्षणी मी ठरवलं. ढेकळ्या या घरात परत यायला हवा. आणि तो येईपर्यंत धाकट्याला सुखाचा घास मिळता कामा नये.

सुरुवात मी त्याच्या बुटांपासून केली. काय केलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण त्यानं तीनदा बूट धुतले आणि तरी लोक त्याच्यापासून जरा लांब उभे राहायचे. तो खडूनं कापडावर खुणा करायचा, आणि तो कात्री आणायला वळला की मी त्या खुणांवर मस्त लोळून घ्यायचे. पुसट खुणांवर त्यानं कापड कापलं ते वाकडं. सुतळीचं बंडल सोडवून मी सगळ्या दुकानात फिरवलं. पायरीवर त्याच्या पायात आडवी गेले, चहाच्या कपासकट खाली आला.

"ही मांजर मुद्दाम करते!" तो ओरडला.

"काहीतरीच काय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मांजरं मुद्दाम थोडंच करतात?"

वहिनी फार भोळ्या आहेत.

हे सगळं झालं किरकोळ. माझं खरं शस्त्र वेगळं होतं. मी बसणं बंद केलं.

खुर्ची मांडली, मी पाठ फिरवली. सोफा मांडला, मी भिंतीवर. दादांनी स्वतः बांधलेली खुर्ची असो की वहिनींनी शिवलेली गादी, मी कशावरच बसले नाही. बसायचे ती फक्त ढेकळ्याच्या खुर्चीवर. माल अंगणात साचायला लागला. दोन खुर्च्यांतून वाट काढत वहिनी कपडे वाळत घालायच्या. म्हटलं, कळू दे यांना. ढेकळ्या नाही तर मी नाही, आणि मी नाही तर दुकान नाही.

पण माणसांना कळलं भलतंच. फाटलेलं कापड वहिनींनी मोठ्या कष्टानं जोडून घेतलं, मध्ये शिवणीची एक सुबक रेघ काढली, जशी काही नक्षीच. धाकटा पुढं होऊन म्हणाला, "बाकावर मीच चढवतो, दादा. तुझ्या मनाला नको त्रास." आणि त्यानं ते चढवलं. तो वाकडा खिळा त्यानं उपटला नव्हता. हातोडीनं नुसता आडवा केला होता, आणि त्यावर कापूस थापला होता. उपटायला वेळ लागतो ना!

बाक अंगणात आला. मला त्यावर ठेवलं. माझ्या पंजाखाली तो खिळा मला लगेच कळला. कापूस दबला की त्याचं टोक वर येत होतं. मी तिथं पंजा टेकवला, मागं घेतला आणि उतरले.

"झालं हिचं सुरू," धाकटा म्हणाला. "हल्ली ही कशावरच बसत नाही." त्यानं बाकावर मासा ठेवला. मी मासा उचलला आणि खाली फरशीवर बसून खाल्ला.

वहिनी खिन्न हसल्या. "खरंच हो. आता हिच्या 'नाही'ला काही अर्थच उरला नाही. डॉक्टरीणबाई उद्या न्यायला येतायत. जाऊ दे बाक तसाच."

मी मासा अर्धा टाकला.

ही माझी अक्कल! इतके दिवस मी सगळ्यालाच नाही म्हणत राहिले. जो सगळ्यालाच नाही म्हणतो, त्याचं नाही कोण ऐकणार? माझ्या नाही म्हणण्याला धार हवी असेल, तर मला आधी हो म्हणायला हवं होतं. माझ्यासारखीला ते किती कठीण, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. रागावलेल्या मांजरीनं आपणहून जाऊन बसायचं, वर घुरघुरायचं, म्हणजे नाक मुठीत धरण्यासारखंच. पण सूड घ्यायचा तर आधी स्वतःचा अहंकार गिळावा लागतो. दोऱ्यापेक्षा तो गिळायला अवघड आहे.

डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं चटचट. "कुठाय तुमची ती प्रसिद्ध साक्षीदार? बघू तरी."

"ती रुसलीय हो," वहिनी म्हणाल्या. "बसत नाही हल्ली."

मी भिंतीवरून उतरले. सगळे बघत होते. पहिल्या खुर्चीवर उडी मारली, गोल फिरले, बसले. वहिनींचा हात तोंडावर गेला. उतरले, दुसऱ्या खुर्चीवर बसले. तिसऱ्या. सोफ्यावर बसले, पाय ताणले, घुरघुरले सुद्धा. दादांनी बांधलेलं एकूण एक सामान मी पास केलं. दादांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी हसू आलं. "आली गं, आली ठिकाणावर!"

मग मी बाकावर चढले. एका टोकापासून हळूहळू चालत गेले. मध्यावर आले. पंजा टेकवला, मागं घेतला. धाकट्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि उतरले.

मी बसले नाही.



"तिचं काय एवढं मनावर घ्यायचं!" धाकटा घाईघाईनं म्हणाला. "चला, चढवतो टेम्पोत."

"थांबा, भाऊजी." वहिनींनी तळवा बाकावर ठेवला आणि दाबत दाबत नेला. जिथं मी पंजा टेकवला होता तिथंच त्या थांबल्या. "पकड द्या."

"वहिनी, परत उसवायचं म्हणजे..."

"पकड द्या म्हटलं ना!"

त्यांनी कडेचे खिळे काढले, कापड उलटलं, कापूस बाजूला केला. वाकवलेला खिळा दिसला. आणि त्या खिळ्याखाली मोरपंखी धाग्यांचा एक झुपका चेपून बसला होता.

वहिनींनी ते धागे चिमटीत धरून उजेडात बघितले. शिवणकाम करणाऱ्या बाईला फाटलेल्या धाग्याची सगळी गोष्ट कळते. "कुत्र्यानं फाडलेल्या कापडाचे धागे खिळ्याखाली कसे गेले, भाऊजी?"

धाकट्यानं मान खाली घातली.

"आणि तो सोडत नव्हता," वहिनी म्हणाल्या.  "अहो, आठवतंय? आपण ओरडतोय, ओढतोय, आणि तो सोडत नव्हता. तुम्ही 'सोड' म्हणालात आणि लगेच सोडलं. तो आपण होऊन कधीच काही धरत नाही. कुणीतरी त्याला 'धर' म्हणालं होतं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मी बसते जरा," असं म्हणून त्या मी पास केलेल्या खुर्चीवर बसल्या.

 दादा दुकानात गेले आणि कोपऱ्यातल्या त्या म्हाताऱ्याच्या खुर्चीवर टेकले. ती इथं आल्यापासून माझ्याशिवाय तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. मी बसू दिलं.

धाकटा त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. "दादा, मी घाबरलो होतो रे. तू काय म्हणशील म्हणून..."

"तोही घाबरला होता," दादा म्हणाले. "थरथरत होता. तरी तू दिलेलं त्यानं सोडलं नाही. जा, घेऊन ये त्याला. तो आल्याशिवाय तू या घरात पाऊल टाकू नकोस."

टेम्पो गेला. मला वाटलं, आता काळजात थंडावा पडेल. पडला नाही. एकच विचार पोखरत होता. गोदामात कुणी त्याला हाकलून दिलं असेल तर? म्हातारं जनावर, एका कानानं ऐकू कमी. मी दाराच्या उंबरठ्यावर बसून राहिले. वहिनींनी दूध आणून ठेवलं, त्यावर साय धरली.

उन्हं उतरली तेव्हा टेम्पो आला. आधी धाकटा उतरला, डोळे लाल. मग ढेकळ्या. बरगड्या दिसत होत्या, गळ्याभोवतीचे केस झडले होते. आणि गळ्यातल्या दोराचं दुसरं टोक त्याच्याच तोंडात होतं.

"तिथला माणूस म्हणाला, रोज असंच," धाकटा कसाबसा बोलला. "खायला दिलं की खातो, पाणी पितो, आणि परत दोर तोंडात धरून फाटकाशी बसतो. दादा, मी त्याला सोडून येताना... तो मागं येत होता, म्हणून मी दोराचं टोक त्याच्या तोंडात दिलं आणि..."

"धर म्हणालात," वहिनी म्हणाल्या.

त्यानं मान हलवली.

"मग आता तूच म्हण," दादा म्हणाले. "माझं काम नाही ते."

धाकटा गुडघ्यावर बसला. दोनदा तोंड उघडलं, शब्द आला नाही. तिसऱ्यांदा आला. "सोड."

ढेकळ्यानं दोर सोडला. मी अंग आखडून घेतलं. म्हटलं, आता! आता धर त्याची नरडी! आणि त्या मूर्खानं काय करावं? आपलं डोकं धाकट्याच्या मांडीवर ठेवलं आणि त्याचा हात चाटला. धाकटा लहान मुलासारखा हमसाहमशी रडला. वहिनी रडल्या, दादा रडले. मी एकटी तेवढी रागानं फुगले होते. ज्याच्यासाठी मी बूट भिजवले, खुणा पुसल्या, अहंकार गिळला, तोच फितूर! मी जाऊन त्याच्या नाकावर एक चापट मारली. नखं आत ठेवून. त्यानं सुस्कारा सोडला. मग त्याच्या खुर्चीशी तो पडला, आणि त्याच्या पुढच्या दोन पायांत मी.

धाकटा अजून या घरात आहे. दादांनी त्याला क्षमा केली, वहिनींनी केली, आणि ढेकळ्याला मुळात रागच आला नव्हता. माझं विचाराल, तर मी केलेली नाही. या घरात एकानं तरी लक्षात ठेवायला हवं, आणि ते काम मी पत्करलंय. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात काही फाटलं, सांडलं, मोडलं, तर जो बोलू शकत नाही त्याच्याकडं बोट दाखवायच्या आधी जरा तळवा फिरवून बघा. खिळा कुठं आहे ते हाताला कळतं. आणि तुमच्या घरी मांजर असेल तर पायातले बूट सांभाळा.

ढेकळ्या परतला त्या संध्याकाळी धाकटा अंगणात एक जुनी रुंद खुर्ची घेऊन एकटाच काम करत बसला होता. जुने खिळे एकेक करून उपटत होता, कापूस परत परत पिंजत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती नव्यानं बांधलेली खुर्ची ढेकळ्यापुढं मांडली. ढेकळ्या तिच्यावर चढला आणि झोपला. मी खुर्चीवर बसले नाही. मी ढेकळ्याच्या पाठीवर बसले.